विंचवाचं बिऱ्हाड

सी भाषेचे कंपायलर हनिवेल ६००० आणि आयबीएम ३७० या मोठ्या संगणकांवर पोचले, तेव्हा पीडीपी-११ या छोट्या संगणकावर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमखाली चालणारे प्रोग्रॅम तिकडे नेणं आता हातचा मळ आहे असं वाटायला हरकत नव्हती. न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये अनुभव मात्र निराळाच आला. हनिवेलचा एक शब्द ३६ बिटांचा आणि त्यातलं अक्षर ९ बिटांचं. आयबीएमवर अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धतच वेगळी. एवढं निभावून नेता येत होतं. माशी शिंकायची ती पुढे. युनिक्समध्ये फाइल म्हणजे एकापाठोपाठ एक बाइट, त्यापलीकडे काही नाही. आयबीएमच्या जगात फाइल म्हणजे रेकॉर्डांचा गठ्ठा. ती कोणत्या डिस्कवर बसणार, तिला किती जागा लागणार, हे काम सुरू होण्याआधी वेगळ्या भाषेत लिहून द्यायचं. एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या हवाली करणं ही युनिक्सची रोजची सवय. तिथे ती कुणाच्या गावीही नव्हती.

डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी मग हिशेब उलटा मांडला. एकेका प्रोग्रॅमला ठिकठिकाणच्या चालीरीती शिकवत बसण्यापेक्षा ऑपरेटिंग सिस्टिमच उचलून नव्या यंत्रावर नेली, तर प्रोग्रॅमना जागा बदलल्याचा पत्ताही लागणार नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा हा बेत. १९७७ साली तो हाती घेतला गेला. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत खालच्या थरातला सी कोड इकडून तिकडे नेणारे जे काही शिकले, त्यातला बराचसा धडा या बेतातच दडलेला होता.

त्या वेळची सी काही पोर्टेबल भाषा म्हणून जन्माला आली नव्हती. तिची आई बी ही भाषा, आणि बीमध्ये प्रकारांचा भेद नव्हता. आकडा, पत्ता, अक्षर, सगळं एकाच मापाच्या शब्दात मावायचं. पीडीपी-११ मध्ये बाइटला स्वतःचा पत्ता मिळाला, तेव्हा रिचींनी बीला प्रकार जोडत जोडत सी घडवली. केन थॉम्प्सन यांनी १९७२ मध्ये युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तिच्यात लिहून पाहिला आणि तो नाद सोडला, कारण स्ट्रक्चर नावाची सोय अजून आलेली नव्हती. ती आल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात कर्नल सीमध्ये उतरला. यामागे दुसऱ्या यंत्रावर जायचा विचार नव्हता. असेंब्लीपेक्षा हे लिहायला आणि समजायला सोपं, एवढंच कारण पुरेसं होतं.

त्यामुळे कोडमध्ये पीडीपी-११ जागोजागी मुरलेलं होतं. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल उघडला, तर प्रोसेसरच्या स्थितीचा शब्द वाचायला अष्टमान पद्धतीतला ०१७७७७६ हा नुसता आकडा घेतलेला दिसतो. त्या आकड्यापुढे बाण काढून जणू तो स्ट्रक्चरचा पत्ताच आहे, अशा थाटात आतलं घटक-नाव वाचलेलं असतं. कंपायलर हे मुकाट्याने चालवून घेई. कोणत्याही स्ट्रक्चरमधलं घटक-नाव कोणत्याही पत्त्याला लावता येई, कारण ती सगळी नावं एकाच पोत्यात भरलेली होती. पूर्णांक १६ बिटांचा, पत्ताही १६ बिटांचा. मग दोघांची अदलाबदल करायला कुणाची ना होती? एकच यंत्र असेपर्यंत हे सारं बिनबोभाट चालत होतं.

रिची-जॉन्सन यांनी मुद्दाम पीडीपी-११ शी फारसं न जुळणारं यंत्र निवडलं: इंटरडेटा ८/३२. शब्द ३२ बिटांचा, मेमरीची आखणी निराळी, फंक्शनला हाक मारायची रीत निराळी आणि शब्दाच्या पोटात बाइट मांडायचा क्रम थेट उलटा. हा शेवटचा फरक कागदावर पाहण्यासारखा आहे. यू, एन, आय, एक्स ही चार अक्षरं दोन-दोनच्या जोड्यांनी १६ बिटांच्या शब्दांत ठेवा. पीडीपी-११ शब्दातला धाकटा बाइट आधी मानतं, इंटरडेटा थोरला. एकाने मांडलेले शब्द दुसऱ्याने शब्द म्हणूनच उचलले, की प्रत्येक जोडी आतल्या आत फिरते आणि युनिक्सच्या जागी एन, यू, एक्स, आय उमटतं. ‘नक्सी’चा हा किस्सा पुढे युनिक्सवाल्यांच्या तोंडी बसला. तो कोणत्या यंत्रावर घडला, हे सांगणारा बदलला की बदलतं, पण गफलत खरी आणि नेहमीची. १९८० च्या १ एप्रिलला डॅनी कोहेन यांनी याच वादावर एक टिपण लिहिलं. अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून गलिव्हरच्या प्रवासात लढणाऱ्या लिलिपुटवासीयांची नावं त्यांनी दोन्ही पक्षांना दिली. ती आजही चालू आहेत.

इंटरडेटाच्या निमित्ताने सीच बदलली, आणि मरे हिलची कमाई म्हणायची तर ही. जॉन्सन यांनी लिहिलेल्या नव्या कंपायलरमध्ये यंत्राशी बांधलेला भाग एका बाजूला काढून ठेवलेला होता. नवं यंत्र आलं की तेवढाच भाग नव्याने लिहायचा. ‘लिंट’ हा त्यांचाच दुसरा प्रोग्रॅम काही तयार करत नसे. कपड्याला चिकटलेलं सूत वेचावं तसा कोडमधल्या संशयास्पद जागा वेचून दाखवी: इथे आकडा पत्ता म्हणून वापरलात, तिथे फंक्शनला द्यायच्या गोष्टी कमी दिल्यात. अदलाबदल करायचीच असेल तर ती उघड लिहिण्यासाठी ‘कास्ट’ची खूण आली. चिन्हरहित पूर्णांक आला, नवी नावं बांधायची टाइपडेफची सोय आली. माइक लेस्क यांच्या पोर्टेबल इनपुट-आउटपुट लायब्ररीतून पुढे घडलेली ‘स्टँडर्ड आय-ओ’ लायब्ररी आजही बहुतेक सी प्रोग्रॅमांच्या पहिल्या ओळींत हजेरी लावते. प्रोग्रॅमने फाइल वाचायची ती या लायब्ररीमार्फत. खाली युनिक्स आहे की आणखी काही, हे लायब्ररी पाहून घेईल.

गंमत म्हणजे त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातल्या वोलंगाँग विद्यापीठात, रिचर्ड मिलर हेच करत होते. त्यांच्याकडे इंटरडेटाचंच ७/३२ हे भावंड होतं. बेल लॅब्जमध्ये काय चाललंय याची मिलरना खबर नव्हती, आणि बेल लॅब्जला वोलंगाँगची. मिलरनी वाट मोठ्या धोरणाने काढली. आधी युनिक्स इंटरडेटाच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंगावर पाहुण्यासारखं बसवलं. ते तिथे रुळल्यावर खालची सिस्टिम काढून घेतली आणि युनिक्सला थेट यंत्रावर उभं केलं. दोघांना कुणीही न सांगता एकाच वर्षी एकच गोष्ट सिद्ध झाली: सीमध्ये लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम जागा बदलू शकते.

१९७९ च्या जानेवारीत युनिक्सची सातवी आवृत्ती आली ती हे सगळं पदरात घेऊन, आणि मग युनिक्स सुसाट निघालं. व्हॅक्स, मोटोरोला ६८०००, झायलॉगचा झेड-८०००, इंटेल ८०८६. पण बिऱ्हाड जिथे जिथे गेलं तिथे त्याला नवी माणसं भेटली, आणि त्यांनी भिंती पाडायला, खिडक्या काढायला सुरुवात केली. ऑपरेटिंग सिस्टिम एकच असेल तर प्रोग्रॅमना फरक कळणार नाही, हा १९७७ चा हिशेब होता. आता त्या एका सिस्टिमच्याच डझनभर झाल्या.

बर्कलीचं बीएसडी आणि एटी अँड टीचं सिस्टिम फाइव्ह हे त्यातले दोन मोठे तट. अक्षरमालिकेत अक्षर शोधणारं फंक्शन एकाकडे एका नावाचं, दुसऱ्याकडे दुसऱ्या. हे सोपं दुखणं. सिग्नलचं, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला सिस्टिम मधेच देते त्या सूचनेचं, तसं नव्हतं. सातव्या आवृत्तीत सिग्नल आला, की त्यासाठी नेमलेलं फंक्शन चालण्याआधीच नेमणूक रद्द व्हायची. फंक्शनने पहिल्याच ओळीत स्वतःची पुन्हा नेमणूक करायची. मधल्या क्षणभरात दुसरा सिग्नल आला तर प्रोग्रॅम जागीच आटोपायचा. बर्कलीने ४.२ बीएसडीत हे सुधारलं. सिस्टिम फाइव्हने जुनंच ठेवलं. फंक्शनचं नाव तेच, देणं-घेणं तेच, वागणूक वेगळी. असा फरक कंपायलरला दिसत नाही. तो दिसतो ग्राहकाच्या यंत्रावर, आणि तोही क्वचित.

डिरेक्टरीची गोष्ट याच्या उलट, म्हणून लक्षात ठेवण्याजोगी. सातव्या आवृत्तीत डिरेक्टरी म्हणजे १६-१६ बाइटांच्या नोंदींची साधी फाइल: २ बाइटांचा क्रमांक, १४ बाइटांचं नाव. कुणीही ती उघडून सरळ वाचत असे. १९८३ च्या ४.२ बीएसडीने २५५ अक्षरांपर्यंत लांब नावं दिली, नोंदींची मापं बदलती झाली आणि असे सगळे प्रोग्रॅम तोंडघशी पडले. बर्कलीने त्याच वेळी डिरेक्टरी उघडणं, पुढची नोंद मागणं आणि बंद करणं यासाठी छोटी फंक्शनं दिली. शिवाय जुन्या पद्धतीच्या डिस्कवरही तीच फंक्शनं चालतील अशी लायब्ररी पुरवली. ज्यांनी आपला कोड त्या फंक्शनांवर आणला त्यांना पुढे डिस्कची मांडणी कितीदा बदलली तरी फिकीर पडली नाही. फरक मिटला नव्हता. त्याची जागा बदलली होती.

प्रमाणीकरणवाल्यांनी आपल्या परीने बांध घातले. १९८३ मध्ये बसलेल्या अमेरिकी समितीचं सीचं प्रमाण १९८९ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं. त्या आधी, १९८८ मध्ये, ऑपरेटिंग सिस्टिमच्या फंक्शनांसाठी आयट्रिपलईचं प्रमाण आलं. त्याचं ‘पॉसिक्स’ हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवलं. सिग्नलसाठी पॉसिक्सने नवं, वागणूक स्पष्ट सांगणारं फंक्शन दिलं. सीच्या समितीने मात्र बऱ्याच ठिकाणी यंत्रांना मोकळीक ठेवली. पूर्णांक निदान १६ बिटांचा असावा, नेमका किती ते कंपायलरने ठरवावं. साध्या अक्षराला ऋण किंमत असते की नाही, तेही कंपायलरनेच. यातून निघणारा एक किडा पिढ्यान्‌पिढ्या चावतोय. फाइलमधून एकेक अक्षर वाचताना शेवट आला की फंक्शन उणे एक देतं. ते उत्तर पूर्णांकाऐवजी अक्षराच्या चलात घेतलं, तर ऋण अक्षरांच्या यंत्रावर २५५ क्रमांकाचा खरा बाइटही शेवट भासतो आणि वाचन अर्ध्यात थांबतं. एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्ससारख्या, अक्षर ऋण न मानणाऱ्या ठिकाणी उणे एकचे २५५ होतात, तुलना कधीच जुळत नाही आणि प्रोग्रॅम फिरतच राहतो.

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला हा भाग वेगळ्या अंगाने ठाऊक आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आणि डॉसवरचं टर्बो सी यांवर ती वाढली. पूर्णांक किती बाइटांचा, या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाला उत्तर ‘दोन’. पडदा साफ करायचा तर क्लिअरस्क्रीन. हीच मुलं नोकरीत लिनक्सच्या मशीनवर बसली, तेव्हा पूर्णांक चार बाइटांचा निघाला आणि क्लिअरस्क्रीनची हेडर फाइल सापडेना. टर्बो सीची हद्द म्हणजेच सी, असं वाटण्यात नवल नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या बऱ्याच प्रोग्रॅमरना सारं जग म्हणजे व्हॅक्स वाटत होतं. बीएसडीच्या व्हॅक्सवर शून्य पत्त्यावरून वाचलं तर गुपचूप शून्य मिळे. तोच प्रोग्रॅम सनच्या यंत्रावर नेला की कोसळे.

प्रमाणं यायला वेळ लागत होता आणि काम थांबणार नव्हतं. प्रोग्रॅमरच्या हाताशी होतं ते ‘इफडेफ’: ही खूण असेल तर या ओळी घे, नसेल तर त्या. एक सिस्टिम वाढली की एक इफडेफ, त्यात अपवाद निघाला की पोटात दुसरा. अशा फाइलमध्ये कोणतं यंत्र कोणत्या ओळी वाचतंय हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. खुणांची उत्तरं भरायची कुणी? लॅरी वॉल यांनी १९८४ च्या ‘आरएन’ या प्रोग्रॅमसोबत एक स्क्रिप्ट जोडली. ती यंत्र चाचपून बरीच उत्तरं स्वतःच काढी आणि उरलेली वापरणाऱ्याला विचारी. वॉल यांच्या पुढच्या प्रोग्रॅमांमधली ही स्क्रिप्ट मिस्कील होती: यंत्रावर युनिस नाही असं आढळलं, की ती वापरणाऱ्याचं अभिनंदन करी. युनिस म्हणजे व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर युनिक्सचं सोंग वठवणारं पॅकेज. ते विकणाऱ्या कंपनीचं नाव वोलंगाँग ग्रुप, आणि तिचा उगम मिलर यांच्या विद्यापीठातल्या युनिक्समध्येच.

१९९१ च्या उन्हाळ्यात ग्नू या स्टॉलमन यांच्या प्रकल्पातल्या बऱ्याच साधनांची देखभाल डेव्हिड मॅकेन्झी यांच्याकडे होती. वापरणाऱ्याने हाताने निवडायचे पर्याय विसाच्या घरात गेल्यावर त्यांनी प्रश्न विचारणंच बंद करायचं ठरवलं. त्यांच्या ऑटोकॉन्फने तयार केलेली स्क्रिप्ट यंत्राचं नाव-गाव पाहत बसत नाही. एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिते, कंपाइल करून पाहते. जमलं तर फंक्शन आहे, नाही जमलं तर नाही. नावावरून गुण ठरवण्यापेक्षा करून पाहणं, हा त्यातला शहाणपणा.

तरीही इफडेफ कोडमध्ये राहिलेच. १९९२ मध्ये हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर या टोरोंटोच्या दोघांनी युसेनिक्सच्या परिषदेत त्यांवर कोरडे ओढले. सी-न्यूज हा त्यांचा प्रोग्रॅम नाना तऱ्हेच्या युनिक्सांवर चाले, त्यामुळे ते अनुभवाने बोलत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इफडेफची गरज पडते म्हणजे तुमच्या कोडमध्ये एक फंक्शन कमी आहे. ते फंक्शन ज्या सिस्टिमवर नाही, तिच्यासाठी ते लिहा, वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या डिरेक्टरीत. मुख्य कोडला वाटू द्या की सगळं जग नीटनेटकं आहे. बर्कलीच्या डिरेक्टरी-फंक्शनांनी जे सहज साधलं होतं, त्याचा या दोघांनी नियम केला.

हा नियम सर्वांत काटेकोर पाळला तो बर्कलीच्या बीएसडीच्या वंशातल्या ओपनबीएसडीच्या लोकांनी. १९९९ मध्ये त्यांनी दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरू देणारं ओपनएसएसएच आणलं. मूळ कोड लिहायचा तो ओपनबीएसडीवर, तिच्यात जे उत्तम आहे ते गृहीत धरून. दुसऱ्यांसाठीची आवृत्ती वेगळा गट काढणार. डेमियन मिलर यांनी ती सुरू केली, आणि आवृत्तीच्या क्रमांकामागे लागणारं ‘पी’ हे अक्षर ती पोर्टेबल असल्याची खूण. इतर सिस्टिमांवर नसलेली फंक्शनं ‘ओपनबीएसडी-कॉम्पॅट’ या एका डिरेक्टरीत राहतात. अक्षरमालिकेची नक्कल करताना मर्यादा न ओलांडणारं ‘एसटीआरएल-कॉपी’ हे त्यांतलं नावाजलेलं. टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी ते १९९८ मध्ये ओपनबीएसडीत घातलं. लिनक्सवरच्या ग्नू सी लायब्ररीने ते घ्यायला वर्षानुवर्षं नकार दिला.

उलट बाजूने गेलं तर काय होतं, ते २०१४ च्या एप्रिलमध्ये दिसलं. ७ तारखेला, इंटरनेटवरचा संवाद गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. मूळ चूक लांबीची तपासणी न करण्याची, तिचा पोर्टेबिलिटीशी संबंध नव्हता. पण काही सिस्टिमांवर मेमरी वाटणारं फंक्शन संथ आहे म्हणून ओपनएसएसएलने सर्वांसाठीच त्यावर आपला थर चढवला होता. सोडलेली मेमरी तो सिस्टिमकडे परत न देता जवळ ठेवी आणि तीच पुन्हा वाटी. त्यामुळे ओपनबीएसडीच्या मेमरी-वाटपात असलेले सुरक्षेचे उपाय लागूच होईनात. ओपनबीएसडीच्या टेड उनांग्स्ट यांनी तो थर बंद करून पाहिला तर ओपनएसएसएल चालेनासं झालं, कारण आतला काही कोड सोडलेली मेमरी जशीच्या तशी परत मिळण्यावर विसंबून होता. सर्वांत दुबळ्या सिस्टिमच्या सोयीसाठी घातलेलं पांघरूण सबळ सिस्टिमच्या डोळ्यांवर आलं होतं.

ओपनबीएसडीने लिब्रेएसएसएल नावाने वेगळी चूल मांडली आणि पहिल्या आठवड्यातच जुन्या मॅकसाठीच्या, १६ बिटी विंडोजसाठीच्या, व्हीएमएससाठीच्या कोडचा ढीग बाहेर काढला. मग पोर्टेबल आवृत्तीच्या वेळी एक नवाच पेच पडला. विश्वासार्ह यादृच्छिक आकडे मिळवायला लिनक्सवर एक विशेष फाइल उघडावी लागे. कोंडलेल्या वातावरणात ती फाइल दिसत नाही, किंवा उघड्या फाइलींची मर्यादा संपलेली असते. ओपनबीएसडीवर यासाठी थेट सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नललाच घालायची हाक, होती. कॉम्पॅट डिरेक्टरीत कितीही कसरत केली, तरी कर्नलमध्ये नसलेली गोष्ट बाहेरून आणता येत नाही. मागणी लिनक्सकडे गेली आणि ऑक्टोबर २०१४ च्या ३.१७ आवृत्तीत तसा सिस्टिम कॉल आला.

त्यानंतर कॉम्पॅट डिरेक्टरीतली फंक्शनं एकेक करून मूळ ठिकाणी पोचत गेली. ग्नू सी लायब्ररीने गुप्त मेमरी पुसणारं फंक्शन २०१७ मध्ये घेतलं, यादृच्छिक आकड्यांचं २०२२ मध्ये, आणि ‘एसटीआरएल-कॉपी’ २०२३ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. २०२४ च्या पॉसिक्समध्येही ते आहे. कोड यंत्रापुढे वाकायचा तो काळ उलटून, नीट ठेवलेल्या कोडकडे सिस्टिमच सरकल्या. इफडेफांनी भरलेल्या कोडला हे भाग्य लाभत नाही, कारण त्याला काय हवं होतं हे सिस्टिम बनवणाऱ्याला वाचताच येत नाही. कॉम्पॅट डिरेक्टरी म्हणजे उण्या गोष्टींची स्वच्छ यादी. त्या भरून निघाल्या की त्या फाइलींचं काम संपतं.

यादी कोरी मात्र होणार नाही. क्रमवारी लावणारं एक फंक्शन ग्नू आणि फ्रीबीएसडी दोघांकडे एकाच नावाने होतं, पण त्याला द्यायच्या गोष्टींचा क्रम दोघांनी वेगवेगळा ठेवला होता. २०२४ च्या पॉसिक्सने ग्नूचा क्रम घेतला आणि फ्रीबीएसडीने १४ व्या आवृत्तीत आपला बदलला. जुन्या फ्रीबीएसडीवर ज्यांचा कोड चालायला हवा, त्यांना अजूनही मधे एक छोटं फंक्शन लिहावं लागतं. ते वेगळ्या फाइलमध्ये लिहिलं, तर एक दिवस सहज काढून टाकता येईल.